बोट वर काढतात ती परत लोटण्यासाठीच! लांबच्या सागरी सफरींकडून शिकूया ‘थांबणं’



मागच्या महिन्यात आपण ‘ऑफ सीझनमध्ये दुकान कसं सांभाळायचं’ हा व्हिडिओ केला होता. त्यावर एका ताईंचा मेसेज आला. त्यांचं ब्लाउज शिवण्याचं छोटं दुकान आहे. बाळंतपणामुळे सहा महिने बंद ठेवावं लागणार. घरचे म्हणतात, मशीन विकून टाक, एकदा बंद पडलेलं दुकान परत उभं राहत नाही. ताईंनी विचारलं, “खरंच राहत नाही का हो?”

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण या विषयात मी स्वतः सपशेल नापास झालेली आहे.

तुमच्यापैकी जुन्या लोकांना माहीत आहे, आमचं दुकान रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर आहे. दोरखंड, रंग, नट-बोल्ट, बोटीला लागणारं हार्डवेअर. बाबांनी सुरू केलेलं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात बाबांचं मोठं ऑपरेशन ठरलं आणि एका संध्याकाळी शटर ओढून आम्ही मुंबईला गेलो. आठ-दहा दिवसांत परत येऊ असं वाटलं होतं. साडेतीन महिने लागले.

परत येऊन शटर उघडलं तेव्हाचा वास अजून आठवतो. खालच्या फळीवरचे रंगाचे डबे ओलीनं गंजून फुटलेले. नायलॉनच्या दोराच्या बंडलांत उंदरांनी घर केलेलं. उधारीची शेवटच्या आठवड्याची नोंद फक्त बाबांच्या डोक्यात, आणि बाबांना तेव्हा काही आठवत नव्हतं. जीएसटीची रिटर्नं राहिलेली, लेट फी चढलेली. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे गिऱ्हाईक. आमचा खरा धंदा जुलै-ऑगस्टचा, बोटी पाण्यात जाण्याआधी. बंद शटरवर मी साधी पाटीसुद्धा लावली नव्हती. लोक आले, बघून गेले, दुसरीकडे गेले.

त्या आठवड्यात एक वयस्कर तांडेल दुकानात आले. बाबांचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक. त्यांनी सगळा पसारा पाहिला आणि म्हणाले, “बाय, होडी वर काढतात ती परत लोटायसाठी. तू नुसती टाकून गेलीस.”

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मग मी वाचायला लागले ते छोट्या शिडाच्या बोटीतून महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं सफर करणाऱ्या लोकांबद्दल. कारण थांबणं आणि परत निघणं हे त्यांच्याइतकं कुणालाच करावं लागत नाही. आजचा लेख त्यावर आहे. शांतपणे वाचा. शेवटी नेहमीप्रमाणे गृहपाठ आहेच.

आधी एक गैरसमज काढून टाकू

आपल्याला वाटतं, जगप्रदक्षिणा म्हणजे निघाले आणि न थांबता फिरून आले. तसं करणारेही आहेत. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून एकटे निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला कुठेही न थांबता परत आले. पण त्यांच्याआधी, त्याच बोटीतून, कमांडर दिलीप दोंदे यांनी एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला. ते ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. वाटेत चार थांबे घेतले: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाउन.

बोटीचं नाव ‘म्हादेई’. लांबी सुमारे ५६ फूट. बांधली गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात. चार वेळा थांबले म्हणून दोंदेंची प्रदक्षिणा कुणी कमी धरली नाही. हे थांबे कागदावर आधीच आखलेले होते आणि दुरुस्ती, सामान, विश्रांती यांचा हिशोब त्यात होता.

हौशी लोकांचं तर अजून वेगळं. नवरा-बायको, कधी मुलंसुद्धा, पस्तीस-चाळीस फुटी बोट घेऊन निघतात आणि जग फिरायला कित्येक वर्षं घेतात. रॉबिन ली ग्रॅहम नावाचा सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा जुलै १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाहून ‘डव्ह’ नावाच्या २४ फुटी बोटीतून एकटा निघाला. तो परत पोचला एप्रिल १९७० मध्ये. जवळजवळ पाच वर्षं! त्यात वादळांचा मोसम काढायला सामोआत मुक्काम झाला, दोनदा डोलकाठी मोडली, दक्षिण आफ्रिकेत लग्न झालं, आणि कॅरिबियनमध्ये जुनी बोट सोडून ३३ फुटी नवी घेतली. पाच वर्षांतला बराच काळ तो समुद्रात नव्हताच. तरी प्रदक्षिणा पूर्ण झाली.

म्हणजे लांबच्या सफरीत थांबणं हा प्रवासाचाच भाग असतो. प्रश्न एवढाच, थांबलात कसे?

थांबणं पहिलं: मोसमाचं

हे आपल्याला कोकणात कुणी शिकवायला नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. समुद्र खवळलेला आणि माशांचा विणीचा काळ. बोटी वर येतात, छोट्या होड्या झापांनी शाकारल्या जातात, जाळी विणायला काढली जातात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि परत कामाला लागायचं. या दोन महिन्यांत “आपला धंदा बुडाला” असं कुठला तांडेल म्हणतो का? नाही. त्याला थांबण्याची तारीख माहीत असते, निघण्याचीही माहीत असते.

लांबच्या सफरीवाल्यांचं गणित अगदी हेच, फक्त नकाशा मोठा. अटलांटिकमध्ये हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्यामुळे पनामाकडून पॅसिफिकमध्ये उतरलेली बोट मार्च ते मेच्या सुमारास मार्केसास बेटांकडे जाते, ताहिती, टोंगा, फिजी करत फिरते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळांच्या पट्ट्याबाहेर, बहुतेक न्यूझीलंडला उतरते. टोंगापासून न्यूझीलंड हजार सागरी मैलांहून जास्त आहे. एवढं अंतर फक्त थांबण्यासाठी कापायचं! आणि पुढच्या मे-जूनमध्ये परत वर.

ज्यांना तेवढं लांब जायचं नसतं ते बेटावरच बोट ठेवतात. फिजीत वुडा मरीना नावाच्या ठिकाणी जमिनीत खड्डे केलेले आहेत. बोटीचा खालचा जड कणा, म्हणजे कील, खड्ड्यात उतरवतात आणि बोटीचं अंग जुन्या टायरांवर टेकवतात. बोट जमिनीलगत बसली की वाऱ्यानं कलंडायची भीती कमी. साधी युक्ती आहे, पण मागे विचार मोठा: “इथे सर्वात वाईट दिवस आला तर काय होईल?”

तरीही सगळं आपल्या हातात नसतं. १ जुलै २०२४ ला बेरिल हे हरिकेन ग्रेनाडा देशातल्या कॅरिआकू बेटावर धडकलं. सुरक्षित मानलेल्या खाडीत आणि यार्डात ठेवलेल्या कित्येक बोटी आडव्या झाल्या. म्हणूनच अनुभवी लोक थांबताना तीन गोष्टी बघतात: जागा, विमा आणि लक्ष ठेवणारा माणूस. विम्याच्या कागदात अनेकदा लिहिलेलंच असतं की मोसमात बोट अमुक पट्ट्यात असेल तर वादळाचं नुकसान मिळणार नाही. हे कागद थांबण्याआधी वाचायचे, वादळानंतर नाही.

थांबणं दुसरं: दुरुस्तीचं

इथे मला सर फ्रान्सिस चिचेस्टर यांची गोष्ट सांगायची आहे, कारण त्यात सगळंच आहे. हट्ट, चूक आणि शहाणपण.

२७ ऑगस्ट १९६६ ला ते ‘जिप्सी मॉथ ४’ या बोटीतून इंग्लंडमधल्या प्लिमथहून एकटे निघाले. वय ६४, वाटेत ६५ वं लागलं. पूर्वी लोकर वाहणारी मोठी शिडाची जहाजं हे अंतर जवळपास शंभर दिवसांत कापायची. चिचेस्टरना आपल्या बोटीत शंभर दिवसांत सिडनी गाठायची होती.

सिडनी अजून सुमारे २३०० सागरी मैल लांब असताना बोटीचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. एकट्या माणसाच्या बोटीत हे यंत्र म्हणजे दुसरा माणूसच. ते नसेल तर झोपायचं कधी? त्यांनी आधी जवळच्या फ्रीमँटलकडे तोंड वळवलं. मग शिडांची अशी मांडणी जमवली की बोट बऱ्यापैकी स्वतःच वाट धरेल, आणि परत सिडनीचा रस्ता पकडला. १२ डिसेंबरला पोचले. १०७ दिवस. शंभरचं टार्गेट हुकलं.

आता बघा. हट्टी माणूस दोन दिवसांत पाणी भरून निघाला असता. चिचेस्टर सिडनीत ४८ दिवस थांबले. मोडलेलं यंत्र दुरुस्त केलंच, पण ज्या गोष्टी प्रवासभर छळत होत्या त्यांनाही हात घातला. बोट वाऱ्यात फार कलायची आणि हाताबाहेर जायची, म्हणून कीलमध्ये बदल करून घेतला. आतल्या सामानाची मांडणी बदलली. स्वतःची तब्येत भरून काढली. पुढे जाऊ नका असं सांगणारेही बरेच होते.

२९ जानेवारी १९६७ ला ते निघाले आणि दुसऱ्याच रात्री टास्मन समुद्रात बोट उलटून परत सरळ झाली. आत सगळा चिखल-काला. जवळ जमीन होती, मागे फिरता आलं असतं. त्यांनी पाणी उपसलं, सामान लावलं आणि पुढे गेले. २० मार्चला केप हॉर्न ओलांडलं आणि २८ मे १९६७ ला प्लिमथला पोचले. समुद्रातले दिवस २२६, थांबा एकच. आज त्या सफरीबद्दल लोक बोलतात तेव्हा २२६ दिवस आणि केप हॉर्न यांचंच कौतुक करतात.

आपल्याकडचंही उदाहरण घ्या. ‘तारिणी’ ही गोव्यातच बांधलेली नौदलाची शिडाची बोट. १० सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या. थांबे ठरलेले होते, पण शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि मॉरिशसमधल्या पोर्ट लुईला न ठरलेला थांबा घ्यावा लागला. घर समोर दिसत असताना थांबायला जास्त धैर्य लागतं, असं मला वाटतं. दुरुस्ती करून २१ मे २०१८ ला त्या गोव्यात पोचल्या. एकूण २५४ दिवस. आणि बोट तिथे संपली नाही. त्याच तारिणीतून २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी निघाल्या आणि मे २०२५ मध्ये प्रदक्षिणा करून परत आल्या.

थांबणं तिसरं: माणसाचं

पैसे संपतात. आई आजारी पडते. मुलाला शाळा हवी असते. बाळ होणार असतं. कधी माणूस फक्त थकतो. कधी जगच बंद होतं, जसं २०२० मध्ये झालं. न्यूझीलंडनं सीमा बंद केल्या आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या बोटींचा वर्षानुवर्षं चालत आलेला थांबाच गेला.

हे थांबणं सगळ्यात अवघड, कारण याची तारीख आधी कळत नाही आणि थांबताना मन ठिकाणावर नसतं. माझं हेच झालं होतं. ऑपरेशनचं ऐकून मी स्टॉक बघणार होते का? नाही. म्हणूनच बोटवाले ही यादी घाईच्या दिवशी करत बसत नाहीत. ती आधीच वहीत तयार असते. घाईच्या दिवशी फक्त टिक करायचं.

बोट ‘निजवतात’ कशी?

आता हा भाग नीट वाचा, कारण इथे खरं शिकण्यासारखं आहे. सहा महिने बोट किनाऱ्यावर ठेवायची तर साधारण ही कामं होतात:

१. इंजिन. जुनं ऑइल तसंच ठेवत नाहीत. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल तयार झालेलं असतं आणि ते उभ्या इंजिनला आतून खातं. म्हणून थांबण्याआधी ऑइल बदलतात. परत आल्यावर बदलू म्हणणारा चुकतो. खाऱ्या पाण्याचा मार्ग गोड्या पाण्यानं धुतात. पंपातला रबरी पंखा काढून ठेवतात, नाहीतर त्याच्या पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात.

२. डिझेल. टाकी अर्धी ठेवली तर रिकाम्या जागेत दमट हवा, हवेतून पाणी, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशीसारखी घाण वाढते. म्हणून टाकी बहुतेक गच्च भरतात.

३. शिडं आणि दोर. शिडं उतरवून, गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून आत. उन्हानं कापड कुजतं. डोलकाठीवरचे महागडे दोर काढून त्यांच्या जागी बारीक स्वस्त दोरी ओवून ठेवतात. परत आल्यावर त्या दोरीला मोठा दोर बांधून ओढला की झालं, वर चढायला नको. मी हे वाचलं आणि हसले. किती साधं!

४. बॅटरी. पूर्ण चार्ज करून सुटी करायची. अर्धी उतरलेली बॅटरी पडून पडून मरते.

५. पाणी आत येण्याच्या जागा. बोटीच्या तळाला छिद्रं असतात. इंजिनला पाणी घ्यायला, संडास-मोरीचं सोडायला. त्यांचे वॉल्व्ह एकेक करून तपासतात. डेकवरचं पावसाचं पाणी जायच्या नळ्या मात्र मोकळ्या ठेवतात. पाचोळ्यानं एक नळी तुंबली तर किनाऱ्यावरची बोटसुद्धा पावसानं आतून भरते.

६. हवा. खाण्याचा प्रत्येक दाणा बाहेर. कपाटांची दारं उघडी. गाद्या उभ्या करून ठेवलेल्या. बंद जागेत ओल आणि बुरशी दोन आठवड्यांत येते.

७. फोटो आणि वही. प्रत्येक गोष्ट कुठे ठेवली, काय मोडलंय, काय आणायचंय, हे निघतानाच लिहायचं. सहा महिन्यांनी आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

माझ्या दुकानाशी ताडून बघा. खालच्या फळीवरचे डबे ही ओल. उंदीर म्हणजे न काढलेला दाणा. आणि उधारीची वही? ती तर मी लिहिलीच नव्हती.

कागद आणि काठावरचा माणूस

बोट झोपते, पण सरकारी घड्याळ झोपत नाही. युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाची बोट तिथे कर न भरता साधारण १८ महिने राहू शकते. पण माणसाला शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांपैकी ९० दिवसच राहता येतं. म्हणजे बोटीची मुदत वेगळी, माणसाची वेगळी, विम्याची तिसरीच. सफरीवाले या तीनही तारखा एका कागदावर लिहून ठेवतात.

तुमच्याही तारखा असतातच. भाडेकरार, लायसन्सचं नूतनीकरण, कर्जाचा हप्ता, आणि जीएसटी. व्यवहार शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं. दुकान बंद होतं ही सबब पोर्टल ऐकत नाही. मी पैसे भरून शिकले, तुम्ही फुकट शिका.

दुसरी गोष्ट म्हणजे काठावरचा माणूस. दोंदेंच्या सफरीत किनाऱ्यावरची मदत बघायला अभिलाष टॉमी होते, ज्यांनी पुढे स्वतः विनाथांबा प्रदक्षिणा केली. यार्डात बोट ठेवणारे लोक महिन्यातून एकदा बोटीवर चढून बघणारा माणूस ठरवतात, त्याला पैसे देतात आणि काय बघायचं याची यादी देतात. “लक्ष ठेव हं” असं शेजाऱ्याला सांगणं म्हणजे व्यवस्था नव्हे. किल्ली, यादी, दिवस आणि मोबदला ठरला की व्यवस्था झाली.

परत पाण्यात जाताना

इथे बहुतेक लोक घाई करतात. समुद्रावरचे करत नाहीत.

आधी बोट कोरडी असतानाच तपासणी. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा, त्यांचे जोड, सुकाणू, वॉल्व्ह. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून खास रंग. (हा रंग आम्ही विकतो, त्यामुळे या वाक्यात माझा स्वार्थ आहे!) मग क्रेनसारख्या गाडीच्या पट्ट्यांत लटकवून बोट पाण्यात उतरवतात. पण पट्टे लगेच सोडत नाहीत. बोट पाण्यात, पट्ट्यांच्या आधारावर, आणि मालक आत टॉर्च घेऊन एकेक वॉल्व्ह बघतोय. थेंब दिसला तर परत वर. सगळं कोरडं असेल तरच पट्टे सुटतात.

त्यानंतरही लगेच महासागर नाही. आधी धक्क्यालाच इंजिन चालवायचं. मग खाडीत अर्ध्या दिवसाची चक्कर. मग जवळच एक रात्र नांगरून राहायचं. काहीतरी मोडतंच, आणि मोडू दे, कारण इथे किनारा जवळ आहे. माणसाचंही तसंच. सहा महिने जमिनीवर राहिलेल्या अट्टल खलाशालाही पहिले दोन-तीन दिवस बोट लागते. म्हणून पहिला टप्पा छोटा ठेवतात आणि हवामान बघून निघतात. “सोमवारी निघायचं ठरलंय म्हणून सोमवारीच” असा हट्ट समुद्र चालवून घेत नाही.

आणि निघायचंच नसेल तर?

हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. मोठ्या यार्डांत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बोटी असतात. पुढच्या वर्षी नक्की, पुढच्या वर्षी नक्की म्हणत मालक भाडं भरत राहतो. बोट निघत नाही आणि विकलीही जात नाही. शेवटी ती भंगारच होते.

त्यामुळे थांबताना दोन तारखा लिहा. एक, परत निघण्याची. दुसरी, ‘या दिवसापर्यंत निघालो नाही तर विकायचं’ याची. विकणं ही हार नाही. रॉबिन ग्रॅहमनं ‘डव्ह’ सोडली नसती तर प्रदक्षिणा पूर्ण झाली असती का, मला शंका आहे. त्यानं बोट सोडली, सफर सोडली नाही.

उलट बाजूही आहे. ‘जिप्सी मॉथ ४’ नंतर लंडनमधल्या ग्रीनिचमध्ये कोरड्या गोदीत कित्येक दशकं प्रदर्शनाला उभी होती आणि हळूहळू सडत होती. तिची दुरुस्ती करून २००५ मध्ये ती परत पाण्यात उतरवली. ती दुसऱ्यांदा जगाच्या सफरीला निघाली, २००६ मध्ये पॅसिफिकमध्ये रांगिरोआजवळच्या प्रवाळावर आदळून फुटली, ऑकलंडला नेऊन पुन्हा दुरुस्त झाली, आणि २८ मे २००७ ला प्लिमथला परतली. पहिल्या सफरीच्या शेवटाला त्या दिवशी बरोबर चाळीस वर्षं झाली होती.

आता ताईंचं उत्तर

ताई, मशीन विकू नका. पण नुसतं कुलूपही लावू नका. मशीनला तेल घालून, कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच ठेवा. अर्धवट शिवलेलं एकही कापड दुकानात ठेवू नका. गिऱ्हाइकांना परत द्या किंवा शिवून संपवा. मापांच्या वहीचे फोटो काढा. तुमचा खरा स्टॉक ती मापंच आहेत. पाटी लावा: “अमुक महिन्यापर्यंत बंद, नंतर याच ठिकाणी.” खाली फोन नंबर. महिन्यातून एकदा कुणीतरी शटर उघडून हवा घालू दे. परत सुरू करताना पहिल्या दिवशी लग्नसराईची ऑर्डर घेऊ नका. आधी ओळखीच्या चार-पाच जणींचे साधे ब्लाउज घ्या. हात बसला की मोठं काम.

आणि सुरू करायची तारीख मनाच्या तयारीवर ठेवू नका, मोसमावर ठेवा. तुमचा मोसम लग्नसराई आणि दिवाळी. त्याच्या महिनाभर आधी बोट पाण्यात हवी.

गृहपाठ (सगळ्यांसाठी)

आज रात्री एक पान घ्या. वर लिहा: “उद्या सकाळी मला दुकान तीन महिने बंद करावं लागलं तर...” आणि खाली फक्त पाच ओळी भरा:

• कुठला माल खराब होईल आणि तो आधी कसा संपवायचा?
• कुठले कागद, कुठल्या तारखा?
• किल्ली आणि यादी कुणाकडे?
• गिऱ्हाइकाला काय आणि कसं सांगायचं?
• परत उघडल्यावर पहिल्या आठवड्यात छोटं काम कुठलं?

हे पान गल्ल्याच्या आत चिकटवा. देव करो आणि कधी लागू नये. पण लागलं तर त्या दिवशी विचार करायची ताकद नसेल. माझ्यात नव्हती.

आमच्या दुकानात ते पान आता आहे. बाबा बरे आहेत, संध्याकाळी तासभर गल्ल्यावर बसतात. आणि ते तांडेल काका? या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी रंग आमच्याकडूनच घेऊन गेले. पैसे मोजताना ते पान वाचलं, मान हलवली, आणि “यात दोर लिही गो, दोर उंच टांगायचे” एवढंच म्हणाले.

मी लिहिलं.

पुढच्या व्हिडिओत भेटू. तोपर्यंत ते पान नक्की भरा!